उष्टी हळद

अण्णा अजिंक्यांना या सोयरिकीत काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. रोख सात हजार रुपये. दरमहा एकशे साठ रुपये घरी आणणारी सून, म्हणजे माझी भाची सुमती. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. 'हुंडा न घेता मुलाचं लग्न' अशी वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी, आणि त्या बातमीच्या जोरावर कॉर्पोरेशनचं तिकीट. आडनाव अजिंक्य असून अण्णा आधी दोनदा पडले होते, त्यामुळे या तिसऱ्या खेपेची त्यांना फार आस. शिवाय एक मोटार. ती ते विकणार होते, आणि विकूनही ती त्यांच्याच घरी राहणार होती.

साल सत्तावन. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून गिरगावापासून लालबागपर्यंत भिंत कोरी राहिली नव्हती. अण्णा दादरचे, जुन्या घरंदाज कुटुंबातले, आणि वारा कुठून येतो ते बरोबर कळणारे. हल्ली ते चळवळीच्या सभांतून बोलायचे. बोलता बोलता हुंडा आणि जातिभेद दोन्ही गाडून टाकायचे. आता असा माणूस मुलीच्या बापाकडे हात कसा पसरणार? म्हणून त्यांनी वाट काढली. मुलगा मनमोहन, त्याची एक जुनी मोटार होती. ती सुमतीचे वडील, म्हणजे माझे मेहुणे नाना, यांनी सात हजारांना विकत घ्यायची, रीतसर पावती घ्यायची, आणि लग्नात तीच जावयाला भेट द्यायची. गाडीनं गॅरेजमधून हलायचीसुद्धा गरज नव्हती. हलायचे ते पैसे.

नाना गोदीत हेडक्लार्क. खोताच्या वाडीत वरच्या मजल्यावर तीन खोल्या. सात हजारांची त्यांनी जुळवाजुळव केली ती अशी: फंडातले अडतीसशे, माझ्या बहिणीच्या, यशोदेच्या, पाटल्यांचे हजार, आणि सुमतीनं सहा वर्षांत पोस्टात टाकलेले बावीसशे. सुमतीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली,

"बावीसशे माझे आहेत ना? मग गाडी कुणाला तरी दाखवा."

"अगं, शोभेल का ते? सोयरे आहेत."

"नाना, नऊ रुपयांचं पातळ घेताना आई दुकानात उलगडून उजेडात धरते. त्या दुकानदाराला वाईट वाटतं का?"

मी विमा कंपनीत मोटारींच्या नुकसानीच्या फायली बघतो, तेव्हा काम माझ्याकडे आलं. आमच्या कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासणारा सीताराम मिस्त्री परळच्या चाळीत राहायचा. लढाईच्या काळात विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात होता. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता, आणि आल्यापासून मान आणखी ताठ झाली होती. कामाची फी दहा रुपये. नऊ दिले तर घ्यायचा नाही, अकरा दिले तर एक परत करायचा. बोलायची मात्र खोड.

रविवारी सकाळी आम्ही दादरला गेलो. गॅरेजमध्ये भिंतीला घोषणांच्या पाट्या टेकलेल्या आणि मधोमध ती गाडी. इंग्रजी बनावटीची, हिरवी, दोनच माणसांची, लढाईच्या आधीची. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मनमोहननं घेतली होती आणि तिला स्वतः सुपरचार्जर बसवून घेतला होता. मनमोहन तिशीचा, गळ्यात रेशमी रुमाल. जुहूच्या शर्यतीत तिसरा आला होता. शर्यतीत गाड्या चारच होत्या, हे मला मागाहून कळलं.

"ब्लोअर म्हणजे काय ते कळतं ना मिस्त्री?" त्यानं सुपरचार्जरकडे बोट दाखवून विचारलं.

"कळतं की मालक. इंजिनाच्या पोटात जबरदस्तीनं हवा कोंबायची. पंगतीत आग्रह करकरून वाढतात ना, तसं. पोट तेवढं असलं तर ताकद येते. नसलं तर—" असं म्हणत त्यानं बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि थांबला. "गरम आहे. सकाळी सकाळी कुठं फेरी मारून आलात?"

"जरा... सुरू करून ठेवली होती. तुम्ही येणार म्हणून."

"पाहुणे यायच्या आधी पोरीला पावडर लावतात तसं," सीताराम माझ्याकडे बघून म्हणाला. "निवू द्या. गरम रेडिएटर उघडला तर माझं तोंड भाजेल."

निवायला अर्धा तास. तेवढ्यात आतून चहा आला. मला कपबशीत. सीतारामला पत्र्याच्या पेल्यात, तोही गड्यानं हातात दिला नाही, गॅरेजच्या पायरीवर ठेवला आणि मागे सरला. अण्णा तिथेच उभे होते. आदल्या शनिवारी कामगार वस्तीत केलेलं भाषण मला ऐकवत होते, "आपण सारे एका आईची लेकरं" या वाक्यावर होते. पेला त्यांनी पाहिला. वाक्य पुरं केलं. मीही पेला पाहिला आणि चहा प्यायलो.

सीतारामनं पेल्याला हात लावला नाही. अर्ध्या तासानं रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट आत घातलं, बाहेर काढलं. बोटावर पिवळा चिखल. त्यानं वास घेतला, मग ते बोट सरळ मनमोहनच्या नाकासमोर धरलं.

"ओळखा."

मनमोहन रुमाल नाकाला लावून मागे सरकला. मी वास घेतला. हळद होती. शिजून शिजून जळलेली, गंजात मुरलेली. शिळ्या कालवणाच्या भांड्याचा करपलेला तळ खरवडावा तसा वास.

"गळका रेडिएटर बंद करायला ट्रकवाले टाकतात," सीताराम म्हणाला. "चिमूटभर. इथं पाव शेर असेल. एवढी टाकली म्हणजे भोक रेडिएटरला नाही, आत कुठंतरी आहे."

मग त्यानं तेल मोजायची सळई ओढून काढली. सळईला काळं तेल असायला हवं. होती ती फाटलेल्या दुधाची साय, करड्या रंगाची, ओघळणारी. इंजिनाचं पाणी तेलात उतरत होतं.

"आता सुरू करा मालक."

गाडी सुरू झाली. मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि गॅरेजभर तोच हळदीचा वास सुटला. सीतारामनं पायरीवरचा चहाचा पेला उचलला आणि बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवला. धडधाकट इंजिनावर भरलेला पेला नुसता थरथरतो, हे तो मला पूर्वी सांगून चुकला होता. हा पेला नाचत नाचत कडेला आला, चहा हिरव्या रंगावरून ओघळला आणि पेला खाली पडून खणखणला.

"हं. चहा कामाला आला," सीताराम म्हणाला.

प्लगच्या वायरी त्यानं एकेक काढून बघितल्या. पहिली काढली, इंजिन आचकलं. दुसरी काढली, काही फरक नाही. तिसरी काढली, तरी नाही. म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी मधली दोन घरं मेलेलीच होती, बाकीची दोन त्यांचं ओझं वाहत होती. गाडी बंद करून हात पुसत त्यानं निकाल सांगितला.

"शर्यतीत ब्लोअरनं हवा कोंबली, पोट तेवढं नव्हतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तडकलं. तेव्हाच उघडायला पाहिजे होतं. ते न करता तुम्ही ही मोर्चात चालवली, अण्णासाहेबांना उभं करून, माणसाच्या चालीनं, परळला मी बघितलीय. तापून तापून तडा वाढला. मग हळद, आणि आवाज दबायला जाड तेल. वरातीत दादरहून निघाली तर परळच्या पुलापर्यंत जाईल. पुढं वऱ्हाडानं ढकलायची." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात: "जयवंतराव, नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावतात ते ठाऊक आहे. गाडीची उष्टी हळद लावायची चाल मी पहिल्यांदाच बघतोय."

मला हसू आलं. अण्णांचा चेहरा बघून ते गिळलं.

"जयवंतराव, जरा आत या," अण्णा म्हणाले.

आत त्यांनी मला कोचावर बसवलं. आवाज मधाळ. "तुमचे मोठे साहेब आमच्या ओळखीचे. तुमच्या बढतीचं अडलंय म्हणे."

"अडलं नाही, लांबलंय."

"तेच ते. हे बघा, या लोकांना हल्ली फार बोलायची सवय लागलीय. तुम्ही समंजस. एक ओळ लिहा. 'गाडी चालू स्थितीत पाहिली.' खोटं आहे का? तुमच्यासमोर चालू झाली की नाही?"

खोटं नव्हतं. मी लिहिलं. खाली सही केली. बाहेर आलो तर सीताराम फाटकाशी उभा. मी लिहिलेला कागद त्यानं बघायला मागितला नाही, त्याच्या दहा रुपयांचं मात्र विचारलं. अण्णा म्हणाले, ते नानांकडून घ्या, बोलावलं त्यांनी. नुसत्या बोलाचालीनं त्या घरातून दहा रुपये निघणार नव्हते, आणि मी माझ्या खिशात हात घातला नाही.

संध्याकाळी खोताच्या वाडीत नानांना कागद दिला आणि हळू आवाजात हळदीचं सांगायला लागलो. नानांनी हात वर केला.

"चालू आहे असं लिहिलंयस ना? झालं तर मग."

"नाना, ती—"

"जयवंता, मला ऐकायचं नाही. पोरगी पंचविशीची झाली. पत्रिका छापायला गेल्यात. गाडी चालो न चालो, ती कुठं आपल्या दारात राहणार आहे?"

म्हणजे नानांना सगळं कळत होतं. कळत असून सात हजार मोजायला तयार होते, आणि त्यातले बावीसशे पोरीचे. त्यांचा राग यायला हवा होता. पण माझीच सही त्यांच्या हातात होती.

सुमतीनं कागद घेतला. दोनदा वाचला.

"मामा, 'पाहिली' का लिहिलंत? 'आहे' का नाही?"

"तेच गं."

"तेच कसं? माझ्या चौथीतला पोरगा 'आई घरी आहे' लिहायच्या जागी 'आई घरी पाहिली' लिहायला लागला तर मी त्याला विचारीन, बाळा, काय लपवतोस?"

मी चपला शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटी परळला गेली. चाळीत विचारत विचारत सीतारामचं बिऱ्हाड गाठलं. त्यानं सगळं सांगितलं, पेल्यासकट. तिनं त्याच्या बायकोच्या हातचा चहा घेतला, दहा रुपये दिले, आणि त्याच्याकडून सगळं कागदावर लिहून घेतलं. घरी येऊन तो कागद नानांच्या ताटाशेजारी ठेवला. नाना जेवत होते.

"लग्नाला माझी ना नाही," ती म्हणाली. "गाडीला आहे. बावीसशे मी देणार नाही. त्यांना मी हवी असेन तर गाडीशिवाय नेतील."

माझी बहीण रडली. नाना ताटावरून उठले. निरोप दादरला गेला, शब्द बदलून, फार नरम करून. दोन दिवसांत उत्तर आलं की पत्रिका नीट जुळत नाही असं गुरुजींच्या आता लक्षात आलंय.

चार दिवसांनी आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. तपासनीसांची यादी नव्यानं करा म्हणाले, सीतारामचं नाव गाळून. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. यादी मीच टाइप केली. बढती पुढच्या महिन्यात झाली.

उन्हाळ्यात अण्णांकडून पत्रिका आली. चि. मनमोहन आणि माटुंग्याची चि. सौ. कां. मीनाक्षी. माझ्या नव्या हुद्द्याला आमंत्रण होतं, तेव्हा गेलो. मांडवाच्या दारात ती हिरवी गाडी, पुसून लख्ख केलेली, झेंडूनं मढवलेली. मुलीचे वडील भेटले. साधा माणूस, हातात पाण्याचा जग घेऊन स्वतः पंगतीत फिरत होता. "हुंडा एक पैसा नाही हो घेतला त्यांनी," मला म्हणाले. "फक्त गाडी घेतली आम्ही. आठ हजार. पावतीसकट!" बोलता बोलता गाडी कुणीतरी वरातीसाठी सुरू केली, आणि झेंडूच्या वासाखालून तो वास आला. हळद ताजी होती या खेपेला.

त्यांना तेव्हा सांगता आलं असतं. पावतीची शाई वाळली होती, पण पैसे संध्याकाळी द्यायचे होते, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बसा ना, मठ्ठा गार आहे." मी बसलो. जिलब्या चार खाल्ल्या.

आता कुणी काय दिलं ते मांडतो. अण्णांनी पाव शेर हळद, दोन वेळा. त्यांना तिकीट मिळालं, वर्तमानपत्रात ओळीही आल्या, दोनाच्या तीन. नानांचा एक पैसाही गेला नाही. ते मुलीशी अजून बोलत नाहीत. सुमतीनं दहा रुपये आणि स्थळ. सीतारामनं आमच्या कंपनीचं काम, म्हणजे महिन्याचे साठ-सत्तर रुपये. माटुंग्याच्या त्या माणसानं आठ हजार, आणि मीनाक्षी. माझ्याकडून आहेर, पाच रुपये.