थोरल्यांचा भाजक

पणजोबा मोजणी खात्यात गणक होते, आजोबा छापखान्यात कोष्टकं तपासत, वडील शाळेत गणित शिकवत. आणि तिघांनीही उरलेलं आयुष्य एका बारा आकडी संख्येला वाहिलं. घरात तिला ‘थोरले’ म्हणत. थोरले मूळ संख्या आहेत, हा पणजोबांचा दावा. तो सिद्ध करायचा, तर दहा लाखांच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने त्यांना भागून पाहायचं. अठ्ठ्याहत्तर हजारांवर भागाकार! वडिलांमागे त्यांच्या मुलीच्या, निवृत्त मास्तरीणबाईंच्या, वाट्याला त्यांतले शेवटचे चार हजार आले होते.

बाईंच्या आत्याने मात्र तरुणपणीच निराळी वाट काढली होती. दोनाचा घातांक थोरल्यांहून एकाने कमी घ्यायचा आणि पायरीपायरीने वर्ग करत, दर पायरीला थोरल्यांनी भागून बाकी तेवढी ठेवायची. मूळ संख्या असेल, तर शेवटी बाकी एकच उरते. उरली भलतीच.

“थोरले फुटतात, दादा,” ती बाईंच्या वडिलांना म्हणाली.

“कशाने फुटतात? भाजक दाखव!”

“भाजक नाही सांगता येत. फुटतात एवढं नक्की.”

“वा! चोर झाला म्हणायचं आणि चोर दाखवायचा नाही!”

पडताळणी तेव्हा सोळा वर्षांच्या असलेल्या भाचीकडे, म्हणजे बाईंकडे, आली. आठ दिवस तिने डोळ्यांत तेल घालून आकडे तपासले. एकही चूक नव्हती. वडील दारात उभे होते. ती म्हणाली, “आत्याचं चुकलंय.” त्या दिवशी आत्याच्या हातातून वह्या गेल्या; पुढे जन्मभर तिने शिवणयंत्र चालवलं.

मास्तरीणबाईही वडिलांमागे भागाकारच करत राहिल्या. एवढ्या कष्टांपुढे आपण पाहिलेलं खोटं असावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

यंदा पहिल्या वहीची शाई पुसट झाली, म्हणून त्या ती उतरवून काढू लागल्या. सवयीने प्रत्येक भागाकार पुन्हा करत होत्या. दहा हजार सात या भाजकापुढे पणजोबांनी बाकी सात लिहिली होती. बाईंना शून्य आलं. त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा शून्य. एक हातचा राहून गेला होता आणि त्यानंतरच्या साऱ्या वह्या, तीन पिढ्यांची नजर, त्यांचं स्वतःचं आयुष्य, सगळं पाण्यात गेलं होतं.

आत्या रुग्णालयात भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आत्या, दहा हजार सात. थोरल्यांना निःशेष भाग जातो.”

“मोठ्याने बोल. तेव्हा मला चुकलीस म्हणालीस, ते सगळ्या घराने ऐकलं होतं.”

बाईंनी मोठ्याने सांगितलं. शेजारच्या खाटांवरच्या बायका वळून पाहू लागल्या.

“आणि तेव्हा तुला माहीत होतं?”

“होतं. तुझी एकही पायरी चुकली नव्हती. मी दादांना घाबरून खोटं बोलले.”

“पायऱ्या किती होत्या?”

“एकोणचाळीस.”

“म्हण एकेक.”

बाईंनी पिशवीतून आणलेली आत्याची जुनी वही उघडली. एकोणचाळीस पायऱ्यांच्या बाक्या त्या उभ्यानेच वाचत गेल्या. आत्या मध्येच थांबवून एखादी पुन्हा म्हणायला लावी. शेवटची वाचून झाल्यावर ती म्हणाली, “फिटलं तुझं. आता जा, परत येऊ नकोस.”