पायरीवर बसलेली बाई

लेक इस्लामी कलेच्या संग्रहालयात कामाला लागली, तेव्हा ती जुन्या गालिच्यांना रफू करते एवढंच कंडक्टरबाईंना कळलं होतं. रफू म्हटलं की लेक चिडायची. एकाच गालिच्यावर वाकून वाकून पोरीची मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला. आज तो गालिचा पहिल्यांदाच लोकांसाठी मांडला होता, आणि बाई नणंदेला घेऊन तो बघायला आल्या होत्या.

बाईंची उमेदीची वर्षं बसच्या दारात उभं राहण्यात गेली. पुढे अपघातात कंबर मोडली आणि चाकाची खुर्ची आली. जीभ तेवढी शाबूत राहिली.

खालचं दालन दोघींनी मजेत पाहिलं. चांदण्यांच्या आकाराच्या निळ्या फरशा, काठावर अक्षरं कोरलेले वाडगे. "वाचता येत नाही वहिनी, पण अक्षर किती देखणं," नणंद म्हणाली. मग त्या लिफ्टपाशी आल्या. दारावर 'बंद आहे' असा कागद होता, आणि तो उन्हानं पिवळा पडला होता.

व्यवस्थापक लगबगीनं आला. "आजी, गालिचा वरच्या मजल्यावर आहे. तुमच्यासारख्यांसाठी खाली मोठा फोटो लावलाय."

"लिफ्ट दुरुस्त का नाही केली?"

"कुणाची तक्रारच नव्हती."

"येईल कुठून? ज्यांना लागते ते इथूनच परत फिरतात."

तेवढ्यात लेक जिना उतरून आली. "आई, मी मोबाईलवर दाखवते. अगदी जवळून."

"मोबाईलवर बघायला घर काय वाईट होतं?"

बाईंनी खुर्चीचा ब्रेक लावला, कठडा धरला आणि अंग सरकवत पहिल्या पायरीवर बसल्या. पाठ जिन्याकडे. मग दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकून त्यांनी स्वतःला वर उचललं.

"हे नियमात बसत नाही," व्यवस्थापक म्हणाला.

"नियमात नाही, मी पायरीवर बसलेय."

लेकीचा चेहरा लाल झाला. तिच्यासोबत काम करणारे लोक वरून डोकावत होते. "आई, लोक बघतायत गं."

"बघू देत. संग्रहालयात लोक बघायलाच येतात."

लेक खाली बसली आणि तिनं आईचे पाय उचलून धरले. मागून नणंद घडी केलेली खुर्ची ओढत, धापा टाकत निघाली. बाईंचे दंड भरून आले, मधल्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पण कुणी पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.

वर पोचल्यावर खुर्चीत बसून त्यांनी गालिचा पाहिला. लाल जमिनीवर बागच विणली होती. पाण्याचे पाट, उंच सरूची झाडं, पाण्यात बदकं.

"तुझं काम कुठलं?"

"त्या कोपऱ्यातलं पाणी. कसरीनं सगळं खाल्लं होतं. आणि त्या बदकाची मान."

बाई बराच वेळ त्या मानेकडे बघत राहिल्या. "याला रफू म्हणत होते मी," त्या हळूच म्हणाल्या.

व्यवस्थापक चार माणसं घेऊन आला. "चला आजी, आम्ही उचलून नेतो."

"मी सामान नाही. वर माझ्या हिमतीनं आले, खाली तुमच्या लिफ्टनं जाईन."

"तिला दोन-तीन दिवस लागतील."

"मग एक पांघरूण पाठवा."

"दोन पाठवा," नणंद म्हणाली आणि बाकावर पाय पसरून बसली.

बातमी दालनात पसरली. काठी टेकत जिना चढून आलेले एक गृहस्थ बाईंशेजारी येऊन बसले. "मीपण लिफ्टनंच जाईन म्हणतो," ते म्हणाले. त्यांच्यामागून आणखी दोघी बसल्या. व्यवस्थापकानं दोनदा फोन लावला, दुसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात. जेवणवेळ उलटल्यावर मेकॅनिक आला. संध्याकाळी संग्रहालय बंद व्हायच्या आधी लिफ्ट कुरकुरत वर आली आणि दार उघडलं.

बाई आत गेल्या. दार लागण्याआधी व्यवस्थापक लेकीला म्हणाला, "तुम्ही उद्या माझ्या खोलीत या. बोलायचंय."

इतकी वर्षं 'हो सर' म्हणणाऱ्या लेकीनं दार हातानं अडवलं.

"उद्या कशाला? आत्ताच बोलू, सर. आईसमोर."