शिवम्माचा नेम

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बाळीवेशीतल्या शिवम्मानं अचानक तिखट, मीठ आणि तंबाखूचं पान सोडलं. मुलाला, पंचाक्षरीला, नेम धरलाय एवढंच सांगितलं. आई देवाकडे वळली म्हणून तो खूश झाला.

त्याच्या बायकोला, चन्नम्माला, ते पटेना. शेंगाचटणीवाचून जिचा घास उतरत नसे, ती बाई स्वतः शिजवलेल्या अळणी आंबिलीवर राहते? नेम कुठल्या देवाचा, कधीपर्यंत, असं विचारलं की शिवम्मा उठून जाई. आपल्या हातचं नको म्हणून हे सोंग असावं, असं चन्नम्माच्या मनानं घेतलं. ती चटणीच्या बरणीवर काजळाची खूण करून ठेवू लागली, पानाचा डबा हुंगून बघू लागली. घरात तरी सासू चोरून काही खात नव्हती. म्हणजे बाहेर खात असणार. रोज दुपारी ती पदराखाली डबा घेऊन कुठंतरी जायची.

एके दुपारी चन्नम्मा तिच्या मागोमाग निघाली. विजापूर वेशीजवळच्या एका बोळात शिवम्मा लालबीच्या घरात शिरली. लालबी सासूच्या माहेरची, कुंभारी गावची मैत्रीण. चन्नम्मानं दाराआडून पाहिलं. लालबी खाटेवर बसली होती, गाल सुजून काळा पडलेला. शिवम्मानं डब्यातली आंबील दोन वाट्यांत ओतली. लालबीनं आपली वाटी दूर सारली, आणि तेवढ्यात तिला दारातली चन्नम्मा दिसली.

शिवम्मा चपापली. लालबीनं मात्र सुनेला आत बोलावलं. तोंडात गाठ आल्यानं डॉक्टरनं तिखट-मीठ बंद केलं होतं, आणि तेव्हापासून शिवम्माही आपण तेच खातो म्हणत होती. हे सांगताना लालबीचे शब्द तुटत होते.

"खरं सांग की," ती म्हणाली. "ही घरी बी हेच खाती? का माज्यापुढं नाटक करून घरी चटणी-भाकर खाती? हिचा भरवसा न्हाय मला. लहानपणापासनं लबाड हाय."

शिवम्मा खाली बघत होती. चन्नम्माची कानशिलं तापली.

"न्हाय खात," ती म्हणाली. "मी रोज लपून बगतिया. चटणीला शिवत बी न्हाईत."

लालबीनं तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग वाटी उचलली आणि डोळे मिटून घोट घोट पिऊ लागली.

परतताना डबा चन्नम्माकडे होता. वेशीपाशी आल्यावर शिवम्मानं लपून बघण्याचं कारण विचारलं. चन्नम्मानं खरं ते सांगून टाकलं. सासू रागावली नाही.

"पंचाक्षरीला बोलू नको," एवढंच म्हणाली. "तो देवाचं समजतोय, समजू दे."

लालबी पावसाळ्याअखेरीस गेली. तोवर दोघींची आंबील चन्नम्माच शिजवत राहिली.