खिडकीजवळचं टेबल

दोघे भाऊ घड्याळं दुरुस्त करत आणि एकमेकांचं तोंड पाहत नसत. दुकान मात्र एकच, आणि त्याला खिडकीही एकच. उजेडातलं टेबल वर्षभर कोणाचं, हे दरवर्षी एका रविवारी बॅकगॅमनच्या, म्हणजे फासे-सोंगट्यांच्या, डावावर ठरे.

डावात कुणीही पैजेचा ठोकळा समोर सरकवून पैज दुप्पट करावी. समोरच्याने ती घ्यावी, नाहीतर तिथल्या तिथे हरावं. सलग तीन वर्षं धाकट्याने ठोकळा सरकवला की थोरला शेपूट घालत होता.

यंदा थोरल्याचं डोकं फिरलं होतं. कोपऱ्यात बसून त्याला बारीक स्क्रू दिसेनासे झाले होते, आणि धाकटा ते गिऱ्हाइकांना चवीने सांगे, "दादाला कशाला देता? माझ्याकडे द्या."

"दोन वर्षं," धाकट्याने ठोकळा सरकवला. "सोड, दादा, नेहमीसारखा."

"घेतलं."

आता पुढची दुप्पट करायचा हक्क थोरल्याचा. फासेही त्याच्या बाजूने वळले. धाकट्याची एक सोंगटी मार खाऊन बाहेर बसली. आत यायला सहा घरं, त्यातली पाच थोरल्याने अडवली होती. तेव्हाच ठोकळा सरकवला असता तर धाकटा मुकाट उठला असता आणि दोन वर्षांचा उजेड थोरल्याच्या पदरात पडला असता. त्याला हे पुरतं कळत होतं.

पण समोरच्याची एकही सोंगटी पटावरून सुटायच्या आत आपल्या सगळ्या सोडवल्या, की हार दुप्पट धरतात. त्या मस्तवालाला चार वर्षं अंधारात कुजवायचं होतं त्याला.

"ठोकळा सरकव की," धाकटा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"गप्प बस. चांगला रगडतो तुला."

उरलेलं घर बंद करायला दोन सोंगट्या हव्या होत्या. त्या जोडीने पोचेपर्यंत थांबायचं सोडून थोरल्याने घाईने एकच रेटली. त्या एकट्या सोंगटीला मारून आत यायला धाकट्याला आता फक्त एक्का हवा होता.

एक्काच पडला.

थोरल्याची सोंगटी बाहेर गेली ती गेलीच. आत यायची धाकट्याकडची सहाही घरं भिंतीसारखी बंद होती. पुढचे फासे थोरला नुसते टाकत राहिला.

"मघाशी सरकवला असतास, तर सोडणारच होतो मी," धाकटा सोंगट्या आवरत म्हणाला.

"माहीत होतं मला," थोरला म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. काम काहीच नव्हतं.