फुलाखालची दांडी

माझ्या दिराला, मार्तंडला, मी तोंडावर भाऊजी म्हणते. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मौद्याच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि आमच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे अक्षरशः डोक्यावर, येऊन बसला. वाटणीत गच्ची त्याला गेली, म्हणजे सगळं ऊन त्याला गेलं. आम्हाला अंगण आलं आणि त्यावर शेजारच्या कडुनिंबाची सावली. दोघा भावांना गुलाबांचं वेड, त्यामुळे हे भांडण नुसतं जागेचं राहिलं नाही. शेवटपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या सावलीतही ह्यांनी एक गुलाब जगवला होता. लाल, जवळजवळ काळा, पाकळीची कड किंचित जांभळी. जंगली गुलाबाच्या खुंटावर ह्यांनी स्वतःच्या हाताने त्याचा डोळा भरून कलम केलं होतं. मूळ झाड पारशिवनीच्या एका मित्राचं, ते कधीच वाळून गेलं. हे गेल्यावर मला हे एकच झाड सांभाळायचं होतं, काही झालं तरी. आणि मला गुलाबातलं कळत होतं ते एवढंच, की त्याला काटे असतात.

आमच्या घरात दसऱ्याला शस्त्र म्हणून छाटणीची कात्री पुजतात आणि दुसऱ्या दिवशी गुलाब छाटतात. हे श्रावणात गेले. वर्षभर सण नाही, म्हणून कात्री पाटावर आली नाही. पुजली नाही म्हणून मी झाडाला लावली नाही. मार्तंडने मात्र वर साग्रसंगीत पूजा केली. चूल वेगळी तर सुतकही वेगळं, असं त्याने जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

दिवाळीनंतर बुंध्याशी, जमिनीलगत, हिरवेगार फुटवे आले. मला केवढा आनंद झाला. लकडगंजहून निंबोळी पेंड आणली, शेणखत घातलं, रोज चहाची पत्ती धुऊन टाकली. फुटवे बघता बघता कमरेला लागले. वरची जुनी दांडी मात्र रोडावत चालली, तिच्या कळ्या न उमलताच गळायच्या. ही म्हातारी नव्यांच्या तोंडचं खाते आहे असं मी ठरवलं, आणि संक्रांत झाल्यावर ती मुळाशी कापून फाटकाजवळच्या कचऱ्यात टाकली.

मार्तंड तेव्हा जिन्यात चहाचा कप घेऊन उभा होता. माझी चप्पल वाकडी पडली तरी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. याला नावं ठेवायला काही सापडलं नाही, म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

पुढच्या दसऱ्यापर्यंत झाड माझ्या डोक्यावर गेलं, पण काळा गुलाब काही आला नाही. मध्ये एकदा पांढरट, बटणाएवढ्या फुलांचे झुपके तेवढे येऊन गेले. कात्री पुजली आणि छाटणी शिकायला गुलाबवाल्या लोकांच्या वर्गाला गेले. दर रविवारी एका बागेत भरायचा. प्रमोदिनी नावाच्या बाई शिकवत होत्या. मी नेलेली फांदी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, हा तुमचा गुलाब नाही, हा खालचा जंगली खुंट आहे. वरचं कलम कुठे आहे?

मी घरी येऊन अंगणात बसले आणि रडले. ह्यांचा गुलाब स्वतःच्या हाताने कापला होता, वर वर्षभर जंगलाला पेंड खाऊ घातली होती. तरी वर्ग सोडला नाही, कारण घरी बसले असते तर वेड लागलं असतं. तिथेच डोळा भरायला शिकले. नुकतंच फूल आलेली दांडी घ्यायची, पानाच्या बगलेतला डोळा सालीसकट काढायचा, खुंटाच्या सालीला चीर देऊन आत बसवायचा, पट्टीने बांधायचा. बाई म्हणायच्या, तुमचा हात चांगला आहे. मला वाटायचं, आता काय उपयोग?

जानेवारीत, गुलाबांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, वरची टाकी भरून वाहत होती. मोटार बंद करा म्हणून सांगायला मी खुंटाची छाटणी टाकून गच्चीवर गेले. कात्री हातातच होती. मार्तंड एका कुंडीपुढे बसून पानं पुसत होता. लांब, सरळ दांडी आणि तिच्यावर एकच फूल. काळपट लाल, कडेला जांभळं.

"हा ह्यांचा आहे," मी म्हटलं.

"होता. तुम्ही फेकला, मी उचलला. डोळे जिवंत होते."

"मी कापून राहिली होती तेव्हा तुम्ही जिन्यात उभे होते. काहून नाही बोलले?"

"बोललो असतो तर तुम्ही कापला नसता, वहिनी. मग मले कसा भेटला असता?" खताचं प्रमाण सांगावं तसं त्याने सांगितलं.

उद्या प्रदर्शनात नाव कोणाचं लावणार, असं मी विचारलं. ज्याच्या गच्चीवर फुललं त्याचं, म्हणाला आणि पुन्हा पानं पुसायला लागला. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

प्रदर्शनात लांब दांडीशिवाय फुलाला कोणी विचारत नाही, हे त्याला ठाऊक होतं. डोळे दांडीतच असतात, हे मला ठाऊक होतं. मी वाकले, फूल मानेपाशी कापलं आणि त्याच्या ओल्या हातात ठेवलं. मग दांडी खालून कापली.

"फूल तुमचं. देवाले वाहा," मी म्हटलं. "दांडी मी नेते."

खाली आले. खुंट माझ्या हातचं खाऊन अंगठ्याएवढा जाड झाला होता, साल एका चिरेत सुटली. मी पहिला डोळा आत सरकवला. वरून मार्तंड ओरडत होता, "असा नाही बसत, वाया घालवून राहिल्या तुम्ही, ठेवा तो खाली." टाकीचं पाणी अंगणात गळत होतं. मी चुकत असते तर हा माणूस चहाचा कप घेऊन गप्प उभा राहिला असता. मी पट्टी गुंडाळली आणि दुसरा डोळा काढायला घेतला.