नंदीच्या कानातले किडे

सिरसाळ्याच्या महादेवासमोर सोमवारी चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. कान उघडणारे महाराज आले होते. पाण्याच्या परातीत वीट, विटेवर तापलेलं लोखंड, त्यावर चिमूटभर तेलकट औषध. वरून भोक पाडलेलं गाडगं उपडं घालायचं आणि भोकातल्या नळीनं धूर कानात सोडायचा. गाडगं उचललं की पाण्यावर पांढरे किडे तरंगत.

"बघा, वाताचा किडा! गुडघ्यातून निघाला, मनगटात मुक्काम केला, कानात घर बांधलं! गोळ्या म्हंजे त्याचा खुराक. त्याला पोसताय कावून? टाका हितं!" महाराज ओरडून सांगत होते.

"अगं बया, केवढा हाय!" बाया डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत होत्या.

रेवणसिद्ध पायरीवर मान खाली घालून बसला होता. वैशाखात बायको गेली, तेव्हापासून त्याला कुठंच जावंसं वाटत नसे. पण थोरली बहीण नीलाबाई हट्टाला पेटली होती. आमवातानं तिची बोटं वाकडी झाली होती आणि आता ऐकूही कमी येत होतं. परळीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या आजारात कधी कधी कानही कमजोर होतात, तपासून घ्या, पण गोळ्या सोडू नका. घरात बोलायला आता अक्काच उरली होती, आणि तिला ऐकू येत नव्हतं.

धुरी झाली, किडे निघाले. नीलाबाईनं गोळ्यांची पाकिटं महाराजांच्या पायाशी ठेवली.

"अक्का, उचल त्या." तिला ऐकू गेलं नाही.

महाराजांनी पुढच्या माणसासाठी लोखंडावर औषध टाकलं. तडतड झाली आणि काहीतरी पांढरं पाण्यात उडालं. लोक रोग्याकडे बघत होते. रेवणसिद्धाची नजर परातीवर होती. गाडगं अजून बाजूलाच होतं. मग हा किडा कुणाच्या कानातला?

तो कंटाळल्यासारखा उठला. "महाराज, एक कान राहिला."

"कुणाचा?"

"नंदीचा. समदं गाव त्याच्या कानात गाऱ्हाणी सांगतंय. साफ नको का?"

"देवाची चेष्टा करतो का बे?" महाराजांचा भक्त सुग्रीव खेकसला.

"देवाला धूप चालतोच की. किडे न्हाई निघाले तर मी पाया पडतो. तूच कर, पाणी नवं घे."

"मुहूर्त सरला," म्हणत महाराज पिशवी आवरू लागले. पण सुग्रीव इरेला पेटला होता. त्यानं पाणी बदललं, लोखंड तापवून त्यावर औषध टाकलं, गाडगं उपडं घातलं आणि नळी नंदीच्या दगडी कानाला लावली. थोड्या वेळानं गाडगं उचललं.

पाण्यावर किडे तरंगत होते.

"आता नंदीलाबी आमवात झाला का रं?" बायांतली छबुबाई म्हणाली, आणि गर्दी फिसकन हसली.

रेवणसिद्धानं उरलेल्या औषधाची चिमूट तळहातावर चोळली. "रिंगणीच्या बिया हायत ह्या. आपल्या बांधावर काट्यात असत्यात त्याच. तापल्या की फुटत्यात, आतला पांढरा कोंब बाहेर पडतो. त्योच ह्यांचा किडा."

नीलाबाईला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पण नंदी दिसला होता, परात दिसली होती. ती खाली वाकली. वाकड्या बोटांतून पाकीट निसटत होतं, तरी तिनं एकेक गोळा केलं.

"रेवण, मग मला ऐकू कावून येत न्हाई?"

तो तिच्या तोंडासमोर येऊन सावकाश बोलला. "आजारानं, अक्का. सांध्यांला धरलं तसं कानालाबी धरलं आसंल. उद्या तपासायला जाऊ. लागलं तर यंत्र लावू."

"यंत्र लावल्यावर लोक हसतील की."

"हसू दे. तुला ऐकू तर येईल."

कान पूर्ण बरा होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. तपासून घ्या म्हणाल्या होत्या. बरं करतोच म्हणणाऱ्यापेक्षा तपासून बघू म्हणणाऱ्याकडे माणसानं जावं, आणि कुणाच्या ओरडण्यावर चालू औषध बंद करू नये.