सात भोकांचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या पोटात मीठ असतं, आणि माझ्या पत्र्याच्या झाकणाला सात भोकं आहेत. मिठाच्या बरणीला भोकं कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचीच ही गोष्ट.

समुद्रकाठच्या दांडी गावातल्या हिराने मला बोईसरच्या बाजारातून आणलं. पुष्कळ वर्षं मी कैरीचं लोणचं सांभाळलं आणि कौतुकही करून घेतलं. मग माझा काठ टवकला आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. चौऱ्याऐंशी साली हिराच्या लेकीने, शकूने, मला खाली काढलं, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि एक केसाळ सुरवंट माझ्यात ठेवला. दोन दिवसांत तिला त्याचा असा लळा लागला, की ती जेवायलाही माझ्याशेजारीच बसू लागली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर पांढरे ठिपके दिसले. वाळत घातलेल्या मासळीवरच्या माश्यांशी हिराची रोजची झटापट. तिने लगेच ओळखलं. माशीने अंडी घातली होती, आता अळ्या त्याला आतून खाणार होत्या. शकूचा चेहरा उतरला. मासळीला माश्या लागल्या की आई मीठ चोळते, एवढं तिला ठाऊक. ती मूठभर मीठ घेऊनच आली! हिराने वेळीच हात धरला, नाहीतर बिचारा तिथेच खारवला गेला असता.

शकूने कोवळा पाला घातला. तो त्याला शिवेना. पाल्याबरोबर चुकून आलेल्या खुळखुळ्याच्या डहाळीवर मात्र तुटून पडला. ते झुडूप विषारी, म्हणून शकूने घाबरून डहाळी काढून टाकली. सुरवंट माझ्या भिंतीवर नुसता वरखाली हिंडत राहिला. मला फार वाईट वाटलं.

हिरा म्हणाली, “मी तापानं पडली व्हती, तवा मला भात नको, नुसती चिंचेची कढी पायजे व्हती. तू दिलीस ना? त्याला काय पायजे ते त्यालाच कळतं.”

“पण आये, ते विख हाय.”

“त्याच्यासाटी नसंल. आतल्या अळ्यांसाटी असंल.”

शकूने डहाळी परत ठेवली. त्याने ती देठापर्यंत कुरतडली. आठवड्याने कोष केला. आतून माशी निघेल की पतंग, या धाकधुकीत शकू रोज शाळेतून आली की माझ्या काचेला नाक लावून बसे.

एका सकाळी पतंग निघाला. शकूने मला दारात नेऊन झाकण उघडलं. तो कडू पाल्याने वाचला की नशिबाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पुढे शकू सासरी गेली आणि हिराने माझ्यात मीठ भरलं, झाकण मात्र तेच ठेवलं. पावसाळ्यात भोकांतून ओल शिरून माझ्यातल्या मिठाला पाणी सुटतं, शेजारणी नवं झाकण घ्यायला सांगतात, पण हिरा ऐकत नाही. मित्रांनो, कुणाला मायेने जवळ ठेवलंत, तर त्याला काय हवं तेही बघत जा. आणि जुन्या बरणीचं झाकण फेकण्याआधी, ती भोकं कुणासाठी पाडली होती ते एकदा विचारा.